माझं नाव कोंडाबाई नाही

"आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

"राहतेस कुठे?"

"देवळाली कॅम्पला. बाजाराच्या मागे, विहाराजवळ."

"हं," तो म्हणाला.

त्याआधी तो माझ्या आवाजावर खूश होता. मी काचेच्या आत, माईकसमोर. तो काचेच्या बाहेर, कानाला हेडफोन. मी चाचणीसाठी बातम्या वाचल्या होत्या. त्याने अंगठा वर करून दाखवला होता. "कुठे होतीस इतके दिवस?" असंही म्हणाला होता. मग आडनाव विचारलं.

"धरणाची बातमी परत वाच," तो म्हणाला.

मी वाचली. धरणातील पाणीसाठ्यात वाढ झाली आहे.

"परत."

परत वाचली.

"पानी नाही गं. पाणी. ण. जीभ वर लाव."

मी पाणीच म्हणत होते. मी मराठीत एम.ए. केलं होतं. आरशासमोर उभी राहून वर्षभर वर्तमानपत्रं मोठ्याने वाचली होती. माझा ण पक्का होता. आडनाव कळल्यावर त्याला तो ऐकू येईनासा झाला.

त्याने दार उघडून बाकीच्यांना हाक मारली. "या रे, ऐका. ओरिजिनल आहे." तीन-चार जण आले. चहाचे कप घेऊन काचेला नाक लावून उभे राहिले. मला पुन्हा वाचायला लावलं. पाणी, लोणी, बाण, आणि. प्रत्येक शब्दाला ते हसले. मग तो म्हणाला, "आता एक काम कर. तुमच्याकडे बोलतात ना, तसं बोलून दाखव. लाजू नकोस."

मला नोकरी हवी होती. मी आईच्या बोलण्यातलं एक वाक्य बोलले. काचेपलीकडे हशा झाला. कोणाचा तरी चहा सांडला.

"हेच!" तो म्हणाला. "बातम्या तुझ्यासाठी नाहीत. पण तुझं मी सोनं करतो."

तो म्हणजे आमच्या रेडिओ केंद्राचा प्रमुख. तेव्हा मी त्याला सर म्हणायचे. आता नुसतं 'तो' म्हणते.

केंद्र छोटं होतं. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. जिन्यात कायम शेजारच्या क्लासच्या पोरांच्या चपला. पण सकाळी अर्धं नाशिक आम्हाला ऐकायचं. रिक्षावाले, दुकानदार, स्वयंपाकघरातल्या बायका. त्या सकाळच्या कार्यक्रमात त्याने मला बसवलं. गाण्यांच्या मधे एक छोटं प्रहसन. नाव, 'कोंडाबाई आली कामाला'. मी कोंडाबाई. मोलकरीण. आणि मेधाताई, आमची ज्येष्ठ निवेदिका, तिच्या बाईसाहेब.

संवाद तो स्वतः लिहायचा. कोंडाबाई इंग्रजी शब्द चुकवायची. कोंडाबाई साखर चोरायची आणि पकडली जायची. कोंडाबाईला अंघोळीचा कंटाळा. कोंडाबाईला पाव्हणे फार. बाईसाहेबांनी उसासा टाकला की मागून हसण्याचा आवाज लावायचे.

कार्यक्रम गाजला. लोक फोन करायचे, कोंडाबाईला द्या म्हणायचे. एका साडीच्या दुकानाने तिच्या आवाजात जाहिरात केली. मेधाताईंचं नाव रोज सुरुवातीला घेतलं जायचं. माझं कधीच नाही. मी एकदा विचारलं तर तो म्हणाला, "लोकांना कोंडाबाई खरी वाटली पाहिजे. नाव सांगितलं की मजा गेली."

आणि खरोखरच त्यांना ती खरी वाटायची.

आता आईबद्दल सांगते. माझी आई कॅम्पातल्या बंगल्यांमध्ये धुणीभांडी, पोळ्या करायची. वडील मी शाळेत असतानाच गेले. आईने मला शिकवलं ते त्या बंगल्यांच्या जिवावर नाही, स्वतःच्या मनगटांच्या जिवावर. सिन्नरकडची बाई. पाण्याला पानी म्हणते. लेक रेडिओत आहे हे तिने सगळ्या वस्तीत सांगितलं होतं. पण सकाळी ती कामावर असायची. लोकांच्या घरी आपण रेडिओ लावा म्हणू शकत नाही. म्हणून तिने माझा कार्यक्रम कधी ऐकला नव्हता. आणि मी काय करते ते मीही तिला नीट सांगितलं नव्हतं.

एके दिवशी संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "ती बंगल्यावरची बाई मला आता कोंडाबाई म्हनती."

मी तिच्याकडे पाहिलं.

"रेडिओवर कोन तरी येती म्हने. आज तिनं मोठ्यानं लावला. मला म्हनली, ऐक, तू आशीच बोलती. लय हासली. तिच्या सुनेला बी बोलावलं." आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "मी ऐकलं. त्या कोंडाबाईचा आवाज तुह्यावानीच हे."

मी ती जुडी उचलून निवडायला घेतली.

"तूच हे का ती?"

"हो."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. मग तिने विचारलं, "मंग तू मला हासती का?"

त्या रात्री आई जेवली. मी जेवले नाही.

सकाळी मी त्याच्या खोलीत गेले. म्हणाले, मला हे बंद करायचंय. माझी आई हेच काम करते. लोक तिला हसतात.

तो खुर्चीत मागे रेलला. "कलाकाराने असं मनाला लावून घ्यायचं नसतं," म्हणाला. मग हसला. "आणि खरं सांग, तुझी आई अशीच बोलते ना? मग आपण खोटं काय दाखवतोय?"

मी मेधाताईंकडे गेले. त्या केस विंचरत होत्या. म्हणाल्या, "अगं, मला कळतं गं. पण आता त्यांच्या तोंडाला कोण लागणार? थोडे दिवस काढ."

मी थोडे दिवस काढले. पाहत होते, ऐकत होते. तो रोज काय लिहितो, कोणावर लिहितो. कधी लक्षातच आलं नव्हतं, कोंडाबाईच्या तोंडी तो आमच्याच घरातल्या गोष्टी घालायचा. आमचं जेवण. आमची लग्नं. चहा पिता पिता मला विचारायचा, "तुमच्यात काय करतात गं?" मी भोळेपणाने सांगायचे. दुसऱ्या दिवशी त्यावर हशा.

मग एप्रिल आला. जयंतीच्या आदल्या दिवशी त्याने कागद हातात दिला आणि काचेबाहेर गेला. मी माईकसमोर बसल्यावरच तो वाचला. कोंडाबाई जयंतीची सुट्टी मागते. बाईसाहेब म्हणतात, तुम्हा लोकांचं वर्षभर काहीतरी चालूच असतं, नाचायला कारण हवं. कोंडाबाई म्हणते, नाचू नायतर काय करू बाईसाहेब, दुसरं काय येतं आमाला.

लाल दिवा लागला. आमचा आवाज शहरात जात होता. मेधाताईंनी त्यांचं वाक्य म्हटलं. माझी पाळी आली.

मी कागद उलटा केला.

"माझं नाव कोंडाबाई नाही," मी म्हणाले. माझ्या आवाजात. बातम्या वाचायच्या आवाजात. मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. आईचं नाव सांगितलं. "माझी आई कॅम्पात लोकांच्या घरी काम करते. ती पानी म्हणते. तिने मला एम.ए. केलं. तुम्ही इतके दिवस तिला हसलात. आता पुरे. उद्या जयंती आहे. आमच्याकडे त्या दिवशी नाचतातही आणि पुस्तकंही विकत घेतात. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईला तिच्या नावाने हाक मारा. तिला..."

एवढंच. मधेच गाणं सुरू झालं. लाल दिवा गेला.

तो दार ढकलून आत आला. हेडफोन माझ्या डोक्यावरून ओढून काढला. केसांसकट. मेधाताई समोर बसल्या होत्या. काचेपलीकडे सगळे उभे होते. तो म्हणाला, "तुम्हा लोकांना वर आणलं की हे असं होतं. पायरी सोडता."

हे त्याचं वाक्य. मी त्यात एक शब्द कमी केलेला नाही, जास्त केलेला नाही.

मी जिना उतरले. माझी पर्स शिपाई खाली घेऊन आला. माझ्याकडे न बघता दिली आणि भराभर वर गेला.

आईने ते ऐकलं होतं. बंगल्यावर रेडिओ चालू होता. तिचं स्वतःचं नाव रेडिओतून आलं तेव्हा ती कणीक मळत होती. बाईने पटकन रेडिओ बंद केला. आईने हात धुतले आणि कणीक तशीच टाकून घरी आली. दारात मी बसले होते. ती शेजारी बसली. मग म्हणाली, "चांगलं बोलली. पर नोकरी गेली आसंल."

"गेली."

"जाऊ दे."

पुढे आठवडाभराने ती त्या बंगल्यावर परत कामाला गेली. पोट होतं. पण दारातच बाईला म्हणाली, नावानं हाक मारत आसाल तर आत येते. बाई काही दिवस नावाने हाक मारत होती. नंतर नुसतंच "अगं" म्हणू लागली.

माझं काय झालं? त्याने गावभर सांगितलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, लाइव्हमध्ये काहीही बरळते. नाशिकमध्ये आवाजाचं काम करणारी माणसं थोडी, सगळी एकमेकांना ओळखणारी. मला कोणी माईकसमोर उभं केलं नाही. मी बी.एड. केलं. आज पंचवटीतल्या एका शाळेत मराठी शिकवते. चांगली शिकवते. पण बातम्या वाचायच्या होत्या. ते त्याने माझ्याकडून घेतलं. ते मला परत मिळालेलं नाही.

केंद्र नंतर बंद पडलं. मालकांना परवडेना. जुन्या लोकांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात मलाही घेतलं. तिथे रोज आठवणी. काय ते दिवस. आपलं कुटुंब. या वर्षी त्यांनी स्नेहसंमेलन ठरवलं. गंगापूर रोडला एक हॉल, दुपारचं जेवण. मला फोन आला, "सर खास तुझी आठवण काढतात."

मी गेले. सगळं विसरून गेले नाही. त्याच्यासाठीच गेले.

तो म्हातारा झालाय. केस पांढरे, अंगात खादीचा झब्बा. आता निवेदनाचे वर्ग चालवतो. त्याचे विद्यार्थी आले होते, बायको आणि मुलगीही. एकेक जण माईकवर येऊन आठवणी सांगत होता. कुंभमेळ्यात वीज गेली आणि जनरेटर कसा आणला. खिडकीतून कबूतर आत शिरून माईकवर कसं बसलं. सगळे हसत होते. कबुतराचं ऐकून मलाही हसू आलं. मग तो उठला.

"आणि आपली कोंडाबाई!" तो म्हणाला. टाळ्या पडल्या. "अहो, काहीच येत नव्हतं पोरीला. मी घडवली. आणि एक दिवस लाइव्हमध्ये हिचं डोकंच फिरलं!" हशा. त्याने माईक माझ्यासमोर धरला. "चल, एक वाक्य होऊन जाऊ दे. जुन्या दिवसांसाठी."

मी माईक घेतला. उभी राहिले. मग सगळं सांगितलं. काचेला नाक लावून उभे राहिलेले कोण कोण होते, ते. त्यातले दोघे समोर बसले होते, त्यांच्याकडे बघून सांगितलं. आईचा प्रश्न सांगितला. जयंतीचा कागद सांगितला. हेडफोन कसा ओढला ते सांगितलं. आणि मग त्याचं वाक्य, त्याच्याच सुरात. तुम्हा लोकांना वर आणलं की हे असं होतं. पायरी सोडता.

नक्कल मला चांगली येते. त्यानेच शिकवलं होतं.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. त्याच्या मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एक विद्यार्थी मोबाईलवर चित्रण करत होता. माझ्याकडून माईक घ्यायला हात पुढे करून तो म्हणाला, "अगं, गंमत होती ती. इतकी वर्षं मनात ठेवलंस?"

"हो," मी म्हणाले. "ठेवलं."

त्याचा चेहरा पडला. मला आनंद झाला. खोटं का सांगू? पोट भरून जेवल्यासारखं वाटलं.

मी बाहेर निघाले तेव्हा मेधाताई मागे धावत आल्या. डोळे भरलेले. माझा हात धरला. "तेव्हा मी हसायचे, पण आत मला खूप वाईट वाटायचं गं."

मी हात सोडवून घेतला. "वाईट वाटत होतं तर ऐकू आलं असतं. तुम्ही रेडिओवाल्या आहात."

ग्रुपमधून मला त्याच संध्याकाळी काढलं. पण चित्रण गावात फिरतंय. लोक मला फोन करतात. झालं तुझं मन मोकळं, आता सोडून दे, म्हणतात. म्हातारा माणूस आहे. आजारी असतो.

सोडणार नाही.

त्याचा जाहीर सत्कार ठरलाय, पत्रिका छापून झाली आहे. मी जाणार. पहिल्या रांगेत बसणार. भाषणं झाली की उभी राहणार आणि बोलणार. माईक दिला नाही तरी मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं बोलता येतं मला. पुढचा सत्कार असेल तिथेही जाईन. त्याच्या वर्गाचं उद्घाटन असेल तिथे जाईन. त्याने हॉलमध्ये पाऊल टाकलं की आधी मला शोधावं, मी कुठे बसलेय ते, आणि मी दिसले की त्याच्या घशाला कोरड पडावी.

आणि तो मेल्यावर शोकसभा होईल. तिथेही जाईन. लोक म्हणतील, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी वाईट बोलणार नाही. तो मला काय म्हणाला तेवढंच सांगेन.