येसाजीची वर्दी

पोपटनानांच्या भिसेगावच्या घरातली मागची खोली मेलेल्यांची, असं त्यांची बायको म्हणायची. पासष्टच्या आणि एकाहत्तरच्या लढाईत कर्जत-खालापुरातली जी तरुण पोरं होमगार्ड झाली, घराघरातले दिवे मालवायला लावत फिरली, रेल्वेच्या पुलावर काठी घेऊन उभी राहिली, त्यांच्या खाकी वर्द्या नाना जमवत. लहानपणी त्यांच्या मागेमागे धावताना लागलेला हा नाद कारखान्यातून निवृत्त झाल्यावर पुरता अंगात भिनला.

अडचण एवढीच, की माणूस गेला की त्याचे कपडे दहाव्याला नदीवर सोडून देतात. म्हणून नाना आधीच जात. कुणी म्हातारा होमगार्ड अंथरुणाला खिळल्याचं कानावर आलं की केळी घेऊन हजर. विचारपूस व्हायची, चहा व्हायचा, मग हळूच, "ती वर्दी हाय का हो कुठं?" तीन-चार घरांत त्यांच्या पाठोपाठ मरण आलं. थकलेलीच माणसं ती, जायचीच होती. पण बोभाटा झाला. बाया नानांना पाहून दाराला कडी घालू लागल्या. पारावर कुणीतरी म्हणालं, "यमाचा रेडा हाय, फक्त एस्टीनं येतो." तेव्हा नानाही हसले होते.

मग कडावला दिलेली त्यांची थोरली बहीण सोनुबाई आजारी पडली. तिचा नवरा येसाजी एकाहत्तरचा होमगार्ड. तो वारला तेव्हा तिने वर्दी नदीवर जाऊ दिली नव्हती, ट्रंकेत लपवली होती. भाऊबिजेला नाना ओवाळणी टाकत आणि वर्दी मागत. ती द्यायची नाही.

आता ती सारखी भावाचं नाव घेते, असं सून संजनाने फोनवर सांगितलं. नाना होते तसे निघाले.

ओटीवर भाचा कमलेश आडवा आला. "मामा, आत नको."

"आक्काला बघतो नि जातो."

"तुमी ज्यांना बघाया गेलात, ती आता कुठं हायेत?"

"वर्दीसाठी नाय आलो रं."

"मग आजवर कशासाठी येत होतात?"

"अहो, आईंनीच बोलावलंय त्यांना," संजना दारातून म्हणाली.

"तू गप गं."

आतून सोनुबाईचा बारीक आवाज आला. "पोपट आला का रं?"

कमलेश घुटमळला. मग आत गेला आणि घडी घातलेली वर्दी घेऊन बाहेर आला. ती त्याने मामाच्या हातात कोंबली. "ही घ्या. मिळाली ना? आता आईसाठीच आला असाल तर या आत."

नाना उंबऱ्याकडे वळले. वळता वळता त्यांच्या अंगठ्याने सवयीनं कॉलर उलटली. आतली शिलाई जुनीच होती. अंगठा खाली सरकला, पितळी बटणं एकेक चाचपत शेवटच्या बटणापर्यंत गेला. सगळी मूळची होती. त्यांनी मान वर केली तेव्हा कमलेश त्यांच्या बोटांकडे बघत होता.

"राहू द्या, मामा," तो म्हणाला. दार लागलं.

नानांनी वर्दी जमिनीवर टाकली आणि दारावर थाप मारली. "खाली ठेवली रं मी. बघ, ठेवली." पुन्हा थाप मारली. कुणी उघडलं नाही.

"पोपट?" आतून पुन्हा आवाज आला.

नानांनी दाराला कान लावला.

"नाय आला, आई," संजना दबक्या आवाजात सांगत होती. "दुसरं कुणी होतं. झोपा तुमी."