आधी आमची झडती घ्या

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, की तिकडे परदेशात रस्त्यात पोलिसांनी गाडी थांबवून डिकी उघडायला सांगितली, तेव्हा कारण विचारायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. तिकडचा कायदा मला माहीत नाही. इकडचा मी एकदाच जवळून पाहिला, आपल्या कर्वेनगरच्या इमारतीत, समोरच्या फ्लॅटच्या दारात.

पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या भराभर उघडत होत्या, त्या वर्षांतली गोष्ट. समोर एक मुलगी भाड्याने राहायची. अमरावतीकडची, नुकतीच नोकरीला लागलेली, एकटी. एका शनिवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात एक फौजदार, एक महिला शिपाई आणि त्यांच्यामागे काळी बॅग काखेत धरलेला एक माणूस. तो मुलीच्या कंपनीतला. कंपनीच्या कपाटातून त्यांच्या शिक्क्याच्या काही सीडी गेल्या होत्या, आणि त्यांचा संशय हिच्यावर होता.

"घराची झडती घ्यायची आहे. पंच म्हणून याल का?" फौजदारांनी विचारलं.

झडतीच्या वेळी त्याच भागातले दोन त्रयस्थ लोक हजर असावे लागतात. जे सापडेल, न सापडेल, ते त्यांच्यासमोर लिहायचं आणि त्यांनी सही करायची. सोसायटीच्या चेअरमनना नेमकं त्याच दिवशी लग्नाला जायचं आठवलं होतं. तुमचे आजोबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "जा, जा. पुढची दहा वर्षं कोर्टाच्या बाकावर बसायला आपल्याला दुसरं काम तरी काय आहे?"

मी चष्मा लावला, पर्स घेतली आणि गेले. दुसरे पंच म्हणून खालच्या दुकानातले शिंपीमास्तर आले, गळ्यात टेप तसाच. त्यांचं कुटुंब आपल्याही आधीपासून पुण्यात.

मुलगी दारात उभी होती. ओढणीचं टोक मुठीत. फौजदारांनी दिलेला झडतीचा कागद तिने दोनदा वाचला. मला हळूच म्हणाली, "काकू, माझ्याकडे काहीच नाही जी. पण यांना काही सापडलं तर?"

मला तिचं बोलणं कळलं. तिने ठेवलेलं सापडण्याची भीती तिला नव्हती. न ठेवलेलं सापडलं, तर नोकरी जाणार होती, आणि चोर म्हणून नाव घेऊन गावी परतावं लागणार होतं. मी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला तरी काय ठाऊक होतं!

ती बाजूला सरकली. पण फौजदार आत गेले नाहीत. उंबऱ्याच्या अलीकडे थांबले, टोपी काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि म्हणाले, "आधी आमची झडती घ्या."

"म्हणजे?" ती.

"आम्ही काही घेऊन आत जात नाही ना, ते बघून घ्या. माझी मास्तर घेतील, तुमच्या वतीने. शिपाईबाईंची तुम्ही घ्या."

"राहू द्या न सर. माझा विश्वास आहे."

"तुमचा विश्वास असेल हो. पंचनाम्यात विश्वास लिहिता येत नाही."

आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

बाळांनो, मी जन्मभर इंग्रजी शिकले आणि शिकवलं. कायदा म्हणजे जाड इंग्रजी पुस्तकांतली, कोर्टाच्या उंच छताखालची गोष्ट, अशी माझी समजूत. खाकी कपडा दिसला की आम्ही रस्त्याची बाजू बदलायचो. आणि इथे तो खाकी कपडा भाड्याच्या घरातल्या एका घाबरलेल्या मुलीपुढे हात वर करून उभा होता. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसे आम्ही सगळे गप्प झालो.

सगळे म्हणजे, मास्तर सोडून. ते सरावलेल्या हातांनी खिसे चाचपत म्हणाले, "साहेब, कंबर वाढलीय. पँट टाकून जा, सैल करून देतो."

"चोर पळून गेला तरी चालेल, मास्तर, पण हे मोठ्याने बोलू नका," फौजदार म्हणाले. मुलगी पहिल्यांदा हसली. मग तिने महिला शिपायाचे खिसे पाहिले. टिकल्यांचं पाकीट, किल्ल्या, अर्धी खाल्लेली चिक्की. आम्हा पंचांचीही झडती झाली. माझी पर्स मुलीने संकोचत उघडली. मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. उलट मी ताठ उभी राहिले.

मग कंपनीचा माणूस पुढे आला. फौजदारांनी हात आडवा केला. "बॅग उघडा."

"माझी कशाला? तक्रार आमची आहे."

"आत जाणाऱ्या प्रत्येकाची."

तो घुटमळला. "मग मी बाहेरच थांबतो."

"थांबा की. जिना सोसायटीचा आहे."

त्या बॅगेत काय होतं, मला आजही माहीत नाही. डबा असेल. त्याला अपमान वाटला असेल. पण तो भला की बुरा, हे ठरवायची आम्हाला गरजच पडली नाही, याचं मला फार नवल वाटलं. कुणावर आरोप नाही, कुणाची उलटतपासणी नाही. एक साधी रीत, आणि ती बॅग उंबऱ्याबाहेर राहिली.

आत जवळजवळ दोन तास गेले. गाण्यांच्या सीडी एकेक उलटून पाहिल्या. कपड्यांच्या कपाटाला फौजदारांनी हात लावला नाही. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि महिला शिपायाने, मुलीसमोर, एकेक घडी उचलून परत तशीच ठेवली. शेवटी पंचनामा मराठीत, मोठ्याने वाचून दाखवला. 'आक्षेपार्ह काहीही मिळून आले नाही.' मी सही केली. इतकी सावकाश सही मी माझ्या लग्नाच्या नोंदणीतही केली नव्हती. एक प्रत मुलीच्या हातात दिली गेली.

बाहेर कंपनीच्या माणसाने विचारलं, "काही मिळालं?"

"घर नीटनेटकं आहे," फौजदार टोपी घालत म्हणाले.

तो मुलीकडे न बघता जिना उतरू लागला. तेव्हा ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ओढणी तिने केव्हाच सोडली होती.

"सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला, "सोमवारी कामावर येते मी. या कागदाची झेरॉक्स कोणाच्या टेबलावर ठेवू, तेवढं सांगून जा."