ताजं म्हणून लिहिलेलं पाणी

आमची मधली लेक सात वर्षं एका प्रयोगशाळेत साखरेचं काम करत होती. खायच्या साखरेचं नव्हे. साखरेचे कण पाण्यात विरघळवायचे, विजेचा भार देऊन फवारायचे आणि ते मशीनमध्ये तोलायचे. पण जुळ्यांचं वजन सारखंच भरतं ना, तसं या साखरांचंही. मग त्यांच्यावर लेसरचा उजेड सोडायचा. कुठला उजेड कोण गिळतं त्यावरून तिला कळायचं, कुणाची ठेवण कशी ते. तिची सासू म्हणायची, घरात चहात साखर टाकायला विसरते आणि तिकडे साखरेवाचून हिचं पान हलत नाही.

थकली होती पोर. डोळ्याखाली काळं, पाठ धरलेली, नोकरी त्या महिनाअखेर संपायची. पण मधेच, कुठला उजेड गिळला ते दाखवणाऱ्या कागदावर एक जास्तीची रेघ उठली. प्रयोगशाळेतले तिचे सर हरखले. नवीन ठेवणीची साखर सापडली म्हणाले, शुक्रवारी लेख पाठवू, मग तुझी नोकरी दोन वर्षं वाढेल.

गुरुवारी पंप दुरुस्त करणारा आला. मशीनमधली हवा ओढायचा पंप. मागच्या कामाच्या कागदावर तिची सही राहिली होती. सही करताना तिनं तारीख पाहिली आणि वही काढून ताडून बघितली. रेघ उठली तो हाच दिवस. सकाळी नऊला तिनं साखरेचं पाणी केलं होतं, पंप बंद पडला, चालू होईपर्यंत चार वाजले, आणि तेच सकाळचं पाणी तिनं मशीनला घातलं होतं.

आता साखरेचं असं आहे, की कोरडी असते तोवर एका कुशीवर पडून असते. पाण्यात पडली की हळूहळू कूस बदलते, म्हणजे तिची ठेवणच बदलते. म्हणून दर खेपेला पाणी ताजं करायचं. वहीत तर ‘ताजं’ लिहिलेलं होतं. पण ही बाई सकाळीच हात मोकळा व्हावा म्हणून दिवसभराच्या सगळ्या ओळींत ‘ताजं’ लिहून ठेवायची. दमलेल्या माणसाची युक्ती.

तिनं ताजं पाणी करून घातलं. रेघ नाही. तीच बाटली तशीच ठेवून ती स्टुलावर बसून राहिली. दुपारी बारीकशी रेघ उठली. चारला चांगली ठसठशीत. नवी साखर नव्हतीच, जुनीच कूस बदललेली.

नवऱ्याला फोन केला. तो बिचारा म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. तू बोलली नाहीस तर कोण बघायला येतंय?”

“मी बघितलं ना,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, जीवच नव्हता तेवढा.

सरांसमोर तिनं ताज्या पाण्याचा आणि चार वाजताचा, असे दोन्ही कागद ठेवले. सरांनी ते एकमेकांशेजारी धरून बघितले. मग म्हणाले, सात वर्षं झाली, असली चूक नवख्यानं करावी. ती हो म्हणाली. लेख थांबवावा लागेल. हो. नोकरीचं मग माझ्या हातात नाही. त्यालाही हो.

“महिनाअखेरपर्यंत येशील?” सरांनी विचारलं.

“येते की. मोजायचं राहिलंय.”

शुक्रवारी सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलले, घरात कुणी गेल्यासारखे. तिनं ताजं पाणी केलं, घड्याळ बघितलं, आणि वहीत नऊ वाजून दहा मिनिटं लिहिलं. खालच्या ओळी कोऱ्याच ठेवल्या.