राहनाळचा ड्रायव्हरवाला

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लासच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापत होतो. त्याचा मेहुणा बोलत होता. गोदामात माल उतरवून घेताना छातीत कळ आली, ठाण्याला नेत होते, पण कशेळीच्या पुलाआधीच... मी ‘बरं’ म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेल्या प्रती छापून काढल्या. उलटसुलट झालेली पानंही नीट लावली. याला आता दीड महिना झाला. मला रडू आलेलं नाही. येईल, असं सगळे म्हणतात.

काशिनाथ राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर होता. घरची भातशेती गोदामांखाली गेली आणि तिथंच हा ड्युटीला लागला. एकदा परत आलेल्या मालातला मोडका कॉम्प्युटर शेठनं भंगारात काढला, तो यानं घरी आणला. कुठल्याशा मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमची, सीडी आली होती, ती त्यावर चढवली. दोन हजार तीन-चारची गोष्ट. तेव्हा आमच्या नारपोलीत कापडाच्या लूमच्या ऑफिसापासून माझ्या क्लासपर्यंत सगळीकडे चोरीची विंडोज होती आणि त्यात कुणाला काही वाटत नसे. काशिनाथला वाटायचं. लिनक्स उजळ माथ्यानं वापरता येतं, हे त्याला फार आवडलं. अडचण एकच होती. मोडेम असो की प्रिंटर, त्याच्याशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारा छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि कंपन्या तो फक्त विंडोजसाठी द्यायच्या. काशिनाथ म्हणायचा, “कंपनी देत न्हाय तं न्हाय. जगात कोनी तरी लिवला आसंल. हुडकू.” आणि खरंच हुडकायचा. परदेशातल्या अनोळखी लोकांना मोडक्या इंग्रजीत पत्रं पाठवायचा आणि त्यांची उत्तरं यायची.

या उत्साहात त्यानं घराच्या दारावर खडूनं लिहिलं, ‘येथे ड्रायव्हर मोफत मिळतील’. गोदामांच्या गल्लीत! दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रान्सपोर्टवाला दारात उभा. “भाईसाब, ड्राइवर चाहिए, अर्जंट.” काशिनाथनं हातातला चहा खाली ठेवून विचारलं, “कौन सा मॉडल है?” “चौदा चक्का.” काशिनाथ विचारात पडला. असा प्रिंटर त्यानं ऐकला नव्हता. त्यानंतर आम्ही त्याला ड्रायव्हरवालाच म्हणायचो. पाटी त्यानं पुसली नाही, फक्त पुढं ‘कॉम्प्युटरचे’ असं बारीक लिहिलं.

यंदा पावसाळ्यात माझ्या कॉम्प्युटरवरही लिनक्स त्यानंच घातलं. सगळं चाललं, प्रिंटर काही चालेना. पान घातलं की चौकोन आणि उद्गारचिन्हं बाहेर यायची. “मास्तर, जरा कळ काढा, ह्यो चालनारच,” असं म्हणत तो तीन रविवार माझ्याकडे बसला. इकडे परीक्षा तोंडावर आलेली. चौथ्या आठवड्यात मी गुपचूप विंडोज परत घातली आणि त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो रागावला नसता, हिरमुसला असता, आणि ते मला बघवलं नसतं. तो येतो म्हणाला की मी काही तरी कारण काढायचो. परीक्षा झाली की सांगू, असं ठरवलं होतं. फोन आला तेव्हा मी विंडोजवरच छापत होतो.

बारावं झाल्यावर सुनंदावहिनींनी मला बोलावलं, सामानातलं काय ठेवायचं ते बघायला. टेबलावर माझ्याकडे आहे तसाच प्रिंटर होता. रंग तोच, मॉडेल तेच.

“तुमच्यासाठीच आनलेला, भावोजी. जुन्या बाजारातला,” वहिनी म्हणाल्या. “बोलायचे, मास्तरांचा खोळंबा व्हतो, पयला हितं चालवतो, मंग त्यांना सांगतो. तुमच्याकडं चालतंय ना आता?”

“चालतंय,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या नावाचं पाकीट दिलं. आत एक सीडी आणि वहीचं पान होतं. पानावर एकेक पायरी मराठीत लिहिलेली, मला कळेल अशी. त्या रात्री काही केलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी बसलो, विंडोज काढली, लिनक्स घातलं आणि त्यानं लिहिलंय तसं करत गेलो. शेवटच्या ओळीत होतं, ‘मास्तर, नाही चालला तर फोन करा.’

प्रिंटर पहिल्याच झटक्यात चालला.