प्लॉटवरचा क्रॉस आणि कोर्टातला

आमच्या गावात इंग्रजी शब्द पुस्तकातून फारसे आले नाहीत. काही दवाखान्यातून आले, काही बसस्टँडवरून. क्रॉस हा शब्द बियाण्याच्या कंपनीकडून आला. भेंडीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला की क्रॉसिंग करावं लागतं. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादी ओळीतल्या कळ्या आदल्या दुपारनंतर सोलायच्या, आतले पुंकेसर काढून टाकायचे. सकाळी नर ओळीतली फुलं तोडून त्यांचे पराग या सोललेल्या कळ्यांना लावायचे आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. ऊन चढायच्या आत हे उरकलं पाहिजे. उशीर झाला की कालची सगळी मेहनत वाया. भेंडीची लव हाताला खाजते ते वेगळंच.

माझं इंग्रजीत बी.ए. झालेलं आहे. लग्नाआधी मी जालन्यात शिकवण्या घ्यायचे. नंतर अंबड तालुक्यातल्या या गावात आले आणि शेती बघू लागले. शब्द कुठून आला ते मोबाईलवर शोधून काढायची सवय मात्र राहिली. शेतात तिचा काही उपयोग नाही, पण त्रासही नाही.

क्रॉस हा शब्द आमच्याकडे बराच फिरतो. शेजाऱ्यांची गाय क्रॉस आहे, म्हणजे अर्धी जर्सी. ब्लाउज शिवणारी बाई विचारते, 'कापड क्रॉस लावू का?' म्हणजे तिरपं कापू का. पॅसेंजर गाडी एखाद्या लहान स्टेशनावर उगीच थांबली की डब्यातलं कोणीतरी न विचारता सांगतं, 'क्रॉसिंग हाय, समोरून एक्सप्रेस येऊन राह्यली.' जुन्या जालन्यात धान्याच्या आडतींसमोरून रस्ता क्रॉस करायचा तर दोन्हीकडे बघून भागत नाही, मागेही बघावं लागतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एकदा जालन्यात चर्चच्या टोकावरचा क्रॉस बघून विचारलं होतं, "एवढा मोठा दवाखाना! मंग पेशंट कुठं हायेत?"

या जाऊबाईंमुळेच कोर्टातला क्रॉस आमच्या घरात आला.

थोरले दीर वारल्यापासून त्यांच्या वाटची जमीन जाऊबाईच बघतात. प्लॉट त्यांच्या शेतात असतो, कंपनीचा करारही त्यांच्याच नावावर. मी मजूर बायका गोळा करणं आणि कंपनीच्या माणसांशी बोलणं एवढं करते. त्या शेताला जायची वाट माझ्या चुलत सासऱ्यांच्या शेतातून जाते. त्यांना आम्ही दोघी मामा म्हणतो. ही वाट आमच्या आजेसासऱ्यांच्या काळापासूनची. कोणी दिली, कोणी घेतली, हा प्रश्नच कधी आला नव्हता.

मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याने ट्रॅक्टर वळवताना मामांच्या बांधावरचं लिंबाचं रोप मोडलं. मामा बोलले. नवऱ्याने ऐकून घ्यायचं सोडून उलट उत्तर दिलं, "रोपच हाय, काही आंब्याची बाग न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. त्या टाकताना मामांना जाऊबाईंनी पाहिलं, कारण मजूर बायकांच्या पुढे त्याच चालत होत्या. सगळ्यांना ओढ्याकडून वळसा घालून जावं लागलं. पोहोचेपर्यंत ऊन चढलं आणि आदल्या दिवशी सोललेल्या कळ्या गेल्या. मग रोज तेच. बायका कंटाळून दुसऱ्यांच्या प्लॉटवर जाऊ लागल्या. हंगाम कसाबसा निघाला. कंपनीच्या सुपरवायझरने यंदा सरळ सांगितलं, "रस्ता नाही तर प्लॉट नाही, मॅडम. मला वर उत्तर द्यावं लागतं."

जाऊबाईंना दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण प्लॉटवर त्यांचं घर चालत होतं. म्हणून अंबडच्या कोर्टात दावा लावला.

साक्षीला मजूर बायका यायला तयार नव्हत्या. त्या मामांच्या कापसातही वेचणीला जातात; त्यांचं बरोबर होतं. उरल्या एकट्या जाऊबाई. त्यांचं म्हणणं आमच्या वकिलांनी लिहून, वाचून दाखवून कोर्टात दिलं. वकील म्हणाले, "आता पुढच्या तारखेला क्रॉस."

"मंग त्यात काय करत्यात?" जाऊबाईंनी मला विचारलं.

"समोरचा वकील प्रश्न विचारतो. तुमचं खरं आहे का ते बघायला."

"खरं न्हाई तर काय, मी काय सिनेमा पाहून आल्ते?"

तरीही मी त्यांची तयारी करून घेतली. त्या भाकरी थापत होत्या आणि मी समोर बसून वकील झाले होते.

"वाट मामांनीच अडवली का?"

"हो."

"तुम्ही किती लांबून पाहिलं?"

"इथून ते चूल."

"तुम्हाला कमी दिसतं ना?"

"तुझ्या साडीला मागून डाग पडलाय, तो दिसून राह्यला मला इथून."

मी समाधानाने उठले. जाऊबाई पक्क्या होत्या.

तारखेच्या दिवशी आम्ही एस.टी.ने अंबडला गेलो. मामाही त्याच बसने आले, पुढच्या सीटवर बसले. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला आम्ही दोघी. माझा नवरा उगीच नोटीसबोर्ड वाचत उभा राहिला. मामा थोरल्या सुनेशी थेट बोलत नाहीत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला म्हणा चहा घेतीस का. वेळ लागल, बिलकुल लवकर न्हाई व्हायचं इथं."

मी दोन फुटांवर बसलेल्या जाऊबाईंना निरोप दिला. जाऊबाई पदर पुढे ओढून मला म्हणाल्या, "त्यांना म्हणाव घरून पिऊन आले." तरी मामांनी चहा पाठवलाच. आम्ही तो प्यायलो.

बसून बसून काय करणार, मी मोबाईलवर क्रॉस शोधला. मूळ लॅटिन शब्द क्रुक्स, म्हणजे गुन्हेगाराला ज्यावर टांगत तो खांब. तिथून तो आयर्लंडच्या धर्मोपदेशकांकडे गेला, त्यांच्याकडून उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांकडे, आणि तिथून इंग्लंडात. इंग्रजांकडे त्या वस्तूला घरचा शब्द होता, रूड. बाहेरून आलेल्याने त्याला बाजूला सारलं. आपल्याकडे हाच शब्द दोनदा आला: पोर्तुगिजांकडून क्रूस झाला, इंग्रजांकडून क्रॉस. म्हणजे दोघे सख्खे चुलतभाऊच, फक्त वेगवेगळ्या रस्त्यांनी गावात शिरलेले.

इंग्रजीत क्रॉस म्हणजे रागावलेला असाही अर्थ आहे. मला वाटत होतं, तो कपाळाला पडणाऱ्या आठ्यांवरून आला असेल. तसं नाही. शिडाच्या जहाजाला आडवा लागणारा वारा म्हणजे क्रॉस वारा. त्यावरून जो माणूस आडवा जातो, विरोध करतो, तो क्रॉस. आणि विरोध करणारा पुढे रागीट ठरला. हे मला पटलं. आपणही आडवं बोलणं म्हणतोच. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मामा टोपी मांडीवर ठेवून डुलकी घेत होते. रागीट अजिबात दिसत नव्हते.

पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या. मामांचे वकील संभाजीनगरहून आलेले, बोलायला मऊ.

"तुमच्या वाटेवर काट्या टाकल्या असं तुमचं म्हणणं आहे?"

"म्हणणं न्हाई. टाकल्या," जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्ही स्वतः पाहिल्या?"

"पाहिल्या बी अन् पायात बी मोडल्या."

मागे कोणीतरी हसलं. मला वाटलं, झालं आपलं काम.

"कोणी टाकल्या?"

"त्यांनीच."

"त्यांनी म्हणजे कोणी? नाव सांगा."

जाऊबाईंनी मान खाली घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तयारी घेताना मी नुसतं 'मामा' म्हणाले होते. नाव मी विचारलं नव्हतं, कारण नाव मीही कधी घेतलेलं नाही. मी नवऱ्याला नावाने हाक मारते, त्यात मला काही वाटत नाही; पण चुलत सासऱ्यांचं नाव तोंडाने उच्चारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि जाऊबाईंच्या तर ते स्वप्नातही येणार नव्हतं. वकिलांनी कागदावर लिहिलेल्या नावाखाली अंगठा टेकवणं वेगळं आणि चार माणसांत ते बोलणं वेगळं.

"नाव माहीत नाही तुम्हाला?"

"हाय माहीत."

"मग सांगा."

"न्हाई घेता येत."

"का? सांगू नका असं कोणी शिकवलंय?"

"लग्न झालं तव्हापासून शिकवलंय."

न्यायाधीश बाई समजुतीने म्हणाल्या, "बरं, नाव राहू द्या. ते इथे असतील तर बोटाने दाखवा."

"मोठ्या माणसाकडं बोट कसं करू, मॅडम?"

मामांच्या वकिलांनी हे बरोबर पकडलं. "मॅडम, काट्या टाकणाऱ्याची ओळख साक्षीदाराला सांगता येत नाही, असं नोंदवून घ्यावं." आमचे वकील उठले, त्यांना बसवलं गेलं. टाइप करणाऱ्या बाईंनी हात कीबोर्डवर ठेवले. मी मागच्या बाकावर नवऱ्याचं मनगट धरून बसले होते. ते वाक्य कागदावर उतरलं की आमची एकुलती एक साक्ष संपली, साक्ष संपली की वाट संपली, आणि वाटेबरोबर प्लॉट. जाऊबाईंनी पदर कपाळापर्यंत आणला होता. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण आवाज आला नाही.

तेवढ्यात मामा उभे राहिले.

"मॅडम, ते लिहू नका."

"काका, बसा," त्यांचे वकील म्हणाले.

"बसतो की. सांगून बसतो." मामांनी टोपी डोक्यावर घातली. "तिला माझं नाव घ्यायला नका लावू. आमच्या घरात सुना नाव घेत न्हाईत. मीच सांगतो." आणि त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं खणखणीत सांगितलं. "काट्या म्याच टाकल्या. तिनं पाह्यलं ते बराबर हाय. पुढं लिहा."

त्यांच्या वकिलांनी हातातली फाईल टेबलावर ठेवली. न्यायाधीश बाईंनी मामांना दम दिला, मध्येच असं उठून बोलता येत नाही म्हणून. मामांनी हात जोडले आणि बसले. मग बाईंनी दोन्ही वकिलांना सांगितलं, "एका घरातली माणसं आहेत. जेवणाच्या सुटीत बाहेर बसून बोला, आणि काय ते मला लिहून द्या."

बाहेर बोलायला फार काही नव्हतंच. माझ्या नवऱ्याने मामांचे पाय धरले. मी मागून ढकललं म्हणून धरले. मामा म्हणाले, "ट्रॅक्टर बांधाच्या कडेनं न्यायचा, पाऊस झाल्यावर न्यायचा न्हाई, अन् पोरानं माझ्याशी नीट बोलायचं." पहिल्या दोन अटी वकिलांनी लिहिल्या. तिसरी कशी लिहायची ते त्यांना समजेना, म्हणून ती सोडून दिली. वाट बैलगाडी जाईल एवढी, बारा महिने खुली. सह्या झाल्या, अंगठे झाले.

मामांचे वकील माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हातातली केस होती, मॅडम. असा पक्षकार मी पाहिला नाही." मामांनी ते ऐकलं. ते त्यांना म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची काही चूक न्हाई. सून भर कोर्टात सासऱ्याचं नाव घेतीय हे ऐकायला मी वकील लावला नव्हता. जिंकलो असतो अन् गावात तोंड कसं दाखवलं असतं?"

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. मामा आणि माझा नवरा पुढे उभे राहिले, आम्हा दोघींना मागे जागा मिळाली. मी सुपरवायझरला फोन करून सांगितलं, रस्ता झाला, कागद पाठवते. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बियाणं आणून देतो. जाऊबाईंना हे सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि कोणत्या बायकांना आधी सांगायचं ते बोटांवर मोजायला लागल्या. कोणाचा हात हलका आहे, कोण कळी मोडते, कोण दोरा सैल बांधते.

गाव जवळ आलं तेव्हा मी म्हणाले, "मामांनी वाचवलं आज तुम्हाला. तुमच्या तोंडून तर नाव निघालंच नसतं."

जाऊबाईंनी पुढे मामांच्या टोपीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अजून एक बार इचारलं असतं तर घेतलं असतं मी. तोंडापर्यंत आल्तं. प्लॉट माझा हाय, बाई, त्यांचा न्हाई." मग पदर नीट करत म्हणाल्या, "मामांना बोलू नको पण. त्यांना वाटून राह्यलं त्यांनी मला वाचवलं, तर वाटू दे."