कलमात नसलेला हात

गोंदियाच्या वेशीवरल्या राइस मिलमध्ये कलाबाई वीस वर्षं तांदूळ निवडत आली होती. २००५ साली मशीनच्या उघड्या पट्ट्यानं तिच्या डाव्या हाताची तीन बोटं नेली. मालकानं भरपाई दिली, तडजोडनाम्यावर अंगठा घेतला. मुनीम नंदलालनं बजावलं, "मुँह खोला तो पूरा पैसा वापस, समझी?"

त्या पैशांतून घरावर पत्रे चढले. कलाबाई मात्र हात पदराखाली झाकून वावरू लागली. कोणी विचारलंच तर म्हणे, "विळ्यानं कापलं."

दोन वर्षांनी त्याच पट्ट्यानं सोबत निवडणाऱ्या रुख्माचा हात ओढला. मालक म्हणाला, पट्ट्याला आधीपासून जाळी होती, चूक बाईचीच. खटला उभा राहिला. रुख्मा कलाबाईच्या दारात आली.

"मावशे, पट्टा उघडा होता हे तुले ठाऊक हाय. काऊन गप्प राहून राहिली?"

"पैसे परत मागतीन वो. पत्रे उतरवू का घरावरचे?"

रुख्मा पाणीही न पिता उठली. त्याच दिवशी कलाबाईनं पेटीतून तडजोडनामा काढला. मधल्या दोन हिवाळ्यांत ती विहारातल्या वर्गात अक्षरं शिकली होती, पण वाचायची मिलच्याच रीतीनं. कागद सुपात ठेवून, खडा बाजूला सारावा तसा एकेक शब्द बोटानं अलग करत. तीन दिवस ती सहाव्या कलमावर बसली: 'तडजोडीच्या अटी व रक्कम कोणालाही सांगणार नाही. न्यायालयाने विचारल्यास ही अट लागू नाही.'

चौथ्या दिवशी ती विहारात खेमराज गुरुजींकडे गेली. "गुरुजी, यात माझा हात कुठं हाय?"

गुरुजींनी कलम दोनदा वाचलं, मग सगळा कागद वाचला. "कुठंच नाही, बाई. झाकायची ती रक्कम अन् अटी. पट्ट्याचं खुशाल सांग."

न्यायालयात कलाबाईनं पदर सारला आणि हात उंच धरला. "पट्टा उघडा होता, साहेब. जाळी नव्हती."

मालकाचा वकील उसळला. "किती पैसे घेतले होते, ते सांगा ना!"

"ते झाकायचं ठरलं हाय. साहेबांनी विचारलं तर सांगीन, तुमाले नाही."

साहेब हसले. त्यांनी रकमेचं विचारलंच नाही, पट्ट्याचं मात्र अर्धा तास विचारलं.

रुख्मा जिंकली. पट्ट्यावर लोखंडी जाळी बसली, आणि ती बसवताना नंदलाल स्वतः उभा होता. पत्रे कोणी उतरवले नाहीत. निवडायला बसलेल्या बाया अजून छेडतात, "सांग ना वो, किती भेटले होते?"

कलाबाई दोन बोटांचा हात ऐटीत हलवते. "सहावं कलम!" म्हणते, आणि सूप पुढं ओढते.