पारुबाईच्या फोटोखालचा थांबा

पारुबाईच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं. एक रस्ता पायानं तुडवणारी, दुसरी कागदावर काढणारी. दुसऱ्या प्रकारावर थुंकायचं म्हटलं तरी ती आधी तोंडातली तंबाखू किती ताजी आहे ते पाहते. ताजी असली तर थुंकत नाही, उगाच वाया कशाला घालवायची.

गोरेगाव-हिंगोली रस्त्याच्या कडेला माळावर जो तांडा दिसतो, तिथली ही बाई. साठी उलटलेली, अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. तिचा नवरा भीमसिंग यानं लग्नानंतर लवकरच बोलणं सोडून दिलं आणि त्यामुळंच त्यांचा संसार सुखाचा झाला, असं तांड्यात म्हणतात.

तांड्याच्या फाट्यावर आधी एक बाभूळ होती आणि बाभळीखाली दगडी ओटा. हात केला की बस थांबायची. मग रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला. बाभूळ गेली, ओटा गेला आणि बसला जणू शिंगं फुटली. माणसं हात करायची आणि ड्रायव्हर समोर बघत निघून जायचा. कधी चुकून गाडी हळू झालीच तर कंडक्टर दारातून सांगायचा, "मंजूर थांबा न्हाई." नव्या रस्त्याच्या आराखड्यात फाट्यापुढं टिंब मारायचं कुणीतरी विसरलं होतं. टिंब नाही म्हणून बस नाही, इतकी साधी गोष्ट.

याचा सगळा भार पडला दिपावर. दिपा म्हणजे पारुबाईची नात, हिंगोलीला नर्सिंग शिकणारी. बस गेल्यावर राहिली जीप. आत माणसं कोंबलेली, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, आणि पोरगी दिसली की ड्रायव्हर तिला बराबर आपल्या शेजारी सरकवणार. एक दिवस दिपा घरी आली ती तोंड धुवायच्या निमित्तानं बराच वेळ मोरीतच बसली. तिचा बाप प्रेमदास काय समजायचं ते समजला. जीपवाल्याला जाब विचारायची छाती त्याला झाली नाही. तो घरात येऊन म्हणाला, "दिवाळीपोतर बसची सोय झाली तर ठीक. न्हाईतर शिक्षण बस झालं. स्थळ पाहून टाकू."

"वा रे वाघा," पारुबाई म्हणाली. "गुन्हा त्या मेल्याचा आन् दावं माझ्या पोरीला."

पण रागानं बस थांबत नाही, हे तिलाही कळत होतं. पोरीचं शिक्षण आता फाट्यावर अडकलं होतं.

अशातच विजयकुमार साहेब तांड्यावर उतरले. विभागातल्या रस्ते-वाहतुकीच्या इंजिनियर आणि नियोजनवाल्यांचं एक मंडळ आहे, त्याचे हे चिटणीस. मंडळ एक मासिक काढतं. कोणाला बढती मिळाली, कोण कुठल्या अभ्यासदौऱ्यावर जाऊन आलं, कोणी कोणाचा सत्कार केला, अशा बातम्या त्यात असतात. रस्त्याचीही बातमी असते, पण ती उद्घाटनाची. यंदा मंडळाचं घोषवाक्य होतं 'रस्ता सर्वांसाठी', आणि त्या सर्वांपैकी एक तरी मुखपृष्ठावर पाहिजे होता.

"मावशी, तो तुमचा आरशांचा ड्रेस असतो ना, तो घाला," साहेब म्हणाले. "फोटो झकास येईल."

"काहून? तोंड पाहायचं हाय का त्यात तुमाला?"

फोटोग्राफर हसला. साहेबही हसले, कारण त्यांना वाटलं टोमणा फोटोग्राफरला आहे.

पारुबाई हल्ली साधी साडीच नेसते. फेट्या-कांचळी, ती आरशांची घागरा-चोळी, पेटीत असते, होळीला आणि तीजला बाहेर निघते. पण आज तिनं वेगळं गणित केलं. "घालते," ती म्हणाली. "पण फाट्यावर बस थांबली पाहिजे."

"अहो, मग कार्यक्रमालाच या ना हिंगोलीला. सगळे वरिष्ठ असतात. तिथंच मांडा."

पारुबाईनं तो शब्द समजून गाठीला बांधला. चूक तिचीच. साहेबांचा शब्द गाठीला बांधायचा नसतो, हे तिला या वयात तरी कळायला हवं होतं.

कार्यक्रमाला न्यायला मोटार आली. थंड हवेच्या हॉलात, अंगावर आरसे-कवड्यांचं ओझं घेऊन पारुबाई पहिल्या रांगेत बसून राहिली. भिंतीवरच्या पडद्यावर नकाशातले रंगीत बाण पळत होते. एक साहेब दुसऱ्याला हार घालायचा, मग ज्याला हार पडला तो तिसऱ्याला शाल पांघरायचा. जो उठेल तो 'शेवटच्या माणसापर्यंत' जायचं म्हणायचा आणि आपल्या खुर्चीपर्यंत जाऊन बसायचा. एकदा न राहवून पारुबाईनं आपल्या गोरमाटी बोलीत दोन शेलक्या शिव्या हासडल्या. शेजारच्या साहेबांनी हात जोडले. त्यांना तो आशीर्वाद वाटला.

तिची पाळी आली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "आमच्या फाट्यावर बस थांबवा. माझी नात शिकून राहिली. बस न्हाई थांबली तर तिचं शिक्षण सुटंल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला शाल मिळाली, नारळ मिळाला, कुंडीतलं एक रोपटं मिळालं.

"मंग थांबवून राहिले का?" तिनं विजयकुमारांना गाठून विचारलं.

"त्याची एक प्रक्रिया असते, मावशी. मागणी वर जाते, मग सर्वेक्षण होतं, मग..." साहेबांचं लक्ष जेवणाच्या रांगेकडं होतं. "होईल, होईल. जेवून घ्या आधी."

ती जेवली नाही. तिला आणणारी मोटार फोटोग्राफरला सोडायला गेली होती. शेवटी ती स्टँडवर जाऊन बसमध्ये बसली. फाटा आला, तिनं घंटी मारायला सांगितलं. कंडक्टरनं शाल पाहिली, नारळ पाहिला, आरसे पाहिले आणि म्हणाला, "मंजूर थांबा न्हाई." तिला पुढं गोरेगावला उतरावं लागलं. तिथून ती ते सगळं ओझं अंगावर घेऊन उन्हात पायी परत आली.

"काय म्हणले, दादी?" दिपानं विचारलं.

 पारुबाईला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा संताप येत होता. तिनं रोपटं शेळीपुढं टाकलं. शेळीनं ते खाल्लं, म्हणजे त्या कार्यक्रमाचा कुणाला तरी उपयोग झाला.

दिवाळीच्या तोंडावर फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लागला. 'रस्ता सर्वांसाठी.' वर मंडळाचं नाव नि चिन्ह, मधे पारुबाई, खाली साहेबांच्या तोंडांची रांग. बसगाड्या त्या फोटोसमोरून सुसाट जाऊ लागल्या. तांड्यातल्या पोरांना हसायला झालं. प्रेमदासनं पाहुण्यांना निरोप धाडला, दिवाळी झाली की पोरगी बघायला या.

त्या दिवशी दिपा फाट्यावर जीपची वाट पाहत उन्हात उभी होती आणि ओढणीनं घाम पुसत होती. पारुबाई घरून विळा घेऊन आली आणि भर दिवसा, सगळ्यांदेखत तिनं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या.

"सायब लोक येतील, दादी," दिपा म्हणाली.

"येऊ दे की. आले तर मोठी बातमी होईल."

भीमसिंगनं चार बल्ल्या रोवल्या. फ्लेक्स वर ताणला. साहेबांची तोंडं आभाळाकडं झाली, उन्हाला नि कावळ्यांना मोकळी. त्यात पारुबाईचंही तोंड गेलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. नावाची पट्टी तेवढी पुढच्या बाजूला खाली लोंबत राहिली. बाईचा डाव काही नव्हता. पोरीच्या डोक्यावर सावली पाहिजे होती, एवढंच.

दोन दिवसांनी हिंगोलीची बस आली. गाडीवर हरिचंद म्हणून आगारात नवा बदलून आलेला ड्रायव्हर होता. त्यानं छप्पर पाहिलं, मंडळाचं नाव पाहिलं, सावलीत उभी असलेली गणवेशातली पोरगी पाहिली आणि ब्रेक मारला.

"इथं थांबा न्हाई," कंडक्टर म्हणाला.

"मंग हे काय हाय? वरच्यांचं नाव लिहिलंय त्यावर. आपल्याला कळवलं नसंल."

कंडक्टरनं खाली वाकून पट्टी वाचली. छापील अक्षरापुढं या लोकांची मान आपोआप खाली जाते. त्यानं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर थांबला, कारण हरिचंद थांबतो. तिसरा थांबला, कारण दोघं थांबतात. वर कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यायला कोणाला तरी काम करावं लागलं असतं. प्रेमदासनं लेकीला बसमध्ये खिडकीशी बसलेली पाहिली, आणि पाहुण्यांना कळवलं की पोरीचं शिक्षण झाल्यावर बघू.

उन्हाळ्यात विजयकुमार साहेब पुन्हा आले, हातात मासिकाचा ताजा अंक घेऊन. 'लोकसहभागातून साकारला थांबा', खाली साहेबांचं नाव. या थांब्याला आता बक्षीस मिळणार होतं, म्हणून फ्लेक्सच्या मांडवाखाली फोटो हवा होता.

"तोच ड्रेस घाला, मावशी."

"घालते की," पारुबाई म्हणाली. "पण तुमी बसनं या. हिंगोलीत बसा, इथं उतरा. मंग घालते."

साहेबांनी मागं उभ्या मोटारीकडं पाहिलं. "येतो ना. नक्की येतो."

फेट्या-कांचळी पेटीतच आहे. रोज संध्याकाळी बस फाट्यावर थांबते, दिपा उतरते. तिच्यामागून कोणी साहेब उतरतो का, हे पारुबाई एकदा दाराकडं पाहून घेते. मग पोरीच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडं घेते आणि दोघी तांड्याची वाट धरतात.